अल्गॉन्क्विनच्या जंगलात हिवाळ्यातले पक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातले अल्गॉन्क्विन हे १८९३ साली स्थापन झालेले प्रांतिक उद्यान. साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठे जंगल, त्यात शेकडो तळी आणि दक्षिण भागातून जाणारा हायवे ६०. हा रस्ता उद्यानातून साधारण ५६ किलोमीटर जातो. हिवाळ्यात आपल्यासारख्या पक्षीनिरीक्षकांची सगळी भटकंती याच्याच आजूबाजूला होते.

हिवाळ्यात तिथे पक्षी असतात तरी का?

असतात, पण मोजके. उद्यानात आजवर २७० हून जास्त जातींची नोंद झाली आहे, मात्र ऑक्टोबर सरेपर्यंत त्यातल्या बहुतेक दक्षिणेला गेलेल्या असतात. जानेवारीत दिवसभरात पंधरा-वीस जाती दिसल्या तर दिवस सत्कारणी लागला म्हणायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चार तासांत सहाच दिसल्या, आणि त्यातल्या दोन गाडी लावली त्या जागीच. यादी लांबवायची हौस असेल तर मे महिन्यात या. (तेव्हा काळ्या माश्याही तुमची वाट पाहत असतील.)

हिवाळ्यात लोक येतात ते प्रामुख्याने चार रहिवाशांसाठी: कॅनडा जे, बोरियल चिकाडी, ब्लॅक-बॅक्ड वुडपेकर आणि स्प्रूस ग्राउझ. हे चौघे खरे तर उत्तरेकडच्या सूचिपर्णी अरण्याचे. अल्गॉन्क्विनचा पश्चिम भाग उंचावर आणि म्हणून अधिक थंड आहे. तिथे मॅपलच्या जंगलात स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या दलदली शिल्लक राहिल्या आहेत. म्हणून टोरांटोहून तीनेक तास गाडी चालवली की हे उत्तरेचे पक्षी भेटतात. पाचवे कारण म्हणजे फिंच, म्हणजे बिया खाणारे छोटे पक्षी. त्यांचा काही भरवसा नाही, पण त्यांच्याविषयी पुढे बोलू.

जायचे कधी?

डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत केव्हाही. डिसेंबरच्या शेवटी उजाडायला जवळजवळ आठ वाजतात आणि साडेचारनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे पहाटेची घाई नसते. झोपाळू माणसाला पक्षीनिरीक्षक व्हायचे असेल तर हाच ऋतू. मला स्वतःला फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च जास्त आवडतो. दिवस मोठा झालेला असतो, सुतार पक्षी वाळक्या खोडांवर नगारा वाजवू लागतात, घुबडे बोलू लागतात आणि कॅनडा जेच्या चोचीत घरट्याच्या काटक्या दिसतात.

वारा मात्र नको. उणे २० तापमान आणि शांत हवा असेल तर पक्षी दिसतात. उणे ५ आणि सोसाट्याचा वारा असेल तर सगळे जंगल दडी मारून बसते. हवामानाचा अंदाज पाहताना तापमानाआधी वाऱ्याचा आकडा बघत जा.

सुरुवात कुठून करावी?

हायवे ६० वर पश्चिम प्रवेशद्वारापासून दर किलोमीटरला पाटी आहे आणि सगळे पत्ते त्याच हिशेबाने सांगतात. ‘बेचाळीस पूर्णांक पाच’ म्हटले की माहीतगारांना कळते: स्प्रूस बॉग बोर्डवॉक. दीड किलोमीटरची ही फेरी दलदलीवरून लाकडी पायवाटेने जाते. चारही रहिवासी एकाच फेरीत भेटू शकतील अशी ही जागा. माझे चौघे एकाच सकाळी कधी जमले नाहीत, पण तिघे दोनदा जमले आहेत. ही फेरी सावकाश करा, दीड तास तरी द्या.

तिथून जवळच, ४३ व्या किलोमीटरला व्हिजिटर सेंटर आहे. मागच्या सज्ज्यातून फीडरवर, म्हणजे दाणे ठेवलेल्या जागी, येणारे पक्षी दिसतात आणि खाली दूरवर सनडे क्रीकची दरी पसरलेली असते. इथे दुर्बिणीशिवायही इव्हिनिंग ग्रोसबीकचा थवा पाहता येतो. हळदीच्या रंगाचा नर, जाड पोपटी-पिवळसर चोच, आणि खाण्यावरून भांडण असे की लग्नाची पंगत बरी. हा पक्षी पूर्वीइतका राहिलेला नाही. २०१६ मध्ये कॅनडाच्या वन्यजीव तज्ज्ञांच्या समितीने त्याला ‘विशेष चिंता’ या गटात टाकले. फीडरखाली कधीकधी अमेरिकन मार्टेन येतो. मुंगसाच्या बांध्याचा, तपकिरी, झाडावर चढणारा हा प्राणी आला की सगळे ग्रोसबीक एका क्षणात गायब होतात. दरीत कुठे मेलेला मूस (तिथले प्रचंड हरीण) पडला असेल तर रेव्हन (डोमकावळा), गरुड आणि नशीब असेल तर लांडगेही दिसतात.

तिसरी जागा ओपिआँगो रोड, ४६ व्या किलोमीटरच्या थोडे पुढे. हिवाळ्यात पुढचा रस्ता फाटक लावून बंद असतो, तिथून पायी जायचे. मिझी लेकचा रस्ताही पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण ती फेरी ११ किलोमीटरची. बर्फात, छोट्या दिवसात, नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

या वर्षी फिंच येतील का?

हा प्रश्न पक्ष्यांना विचारायचा नसतो, झाडांना विचारायचा असतो.

स्प्रूस, हेमलॉक, पाइन, बर्च ही झाडे दरवर्षी सारखे बी देत नाहीत. एखाद्या वर्षी फांद्या वाकतील इतके शंकू (या झाडांची खवल्याखवल्यांची, बी असलेली फळे), मग एक-दोन वर्षे जवळपास काहीच नाही. आणि हे शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात एकदमच घडते. उत्तरेला बी कमी झाले की फिंच दक्षिणेकडे सरकतात. वाटेत अल्गॉन्क्विनमध्ये भरपूर बी असले तर इथेच मुक्काम ठोकतात. इथेही नसेल तर डोक्यावरून उडून पुढे जातात आणि आपण फीडरपाशी चिकाडी मोजत बसतो. म्हणून एखाद्या हिवाळ्यात हजारोंनी दिसलेला पक्षी पुढच्या हिवाळ्यात औषधालाही मिळत नाही.

याचा अंदाज दर शरद ऋतूत प्रसिद्ध होतो. रॉन पिटवे यांनी १९९९ साली ‘विंटर फिंच फोरकास्ट’ सुरू केला आणि २०२० पासून टायलर होअर तो तयार करतात. ठिकठिकाणचे लोक आपापल्या भागात कोणत्या झाडाला किती बी आहे ते कळवतात, त्यावरून कोणता फिंच कुठे जाईल याचा तर्क बांधला जातो. पंचांगापेक्षा बराच भरवशाचा प्रकार आहे.

क्रॉसबिल हे या सगळ्यातले अवलिये. चोचीची दोन टोके कात्रीसारखी एकमेकांवरून जातात, ती शंकूच्या खवल्यांत घालून फाकवायची आणि जिभेने बी काढायचे. खायला भरपूर असेल तर हे पक्षी भर हिवाळ्यात, बर्फ पडत असताना अंडी घालतात. त्यांच्या लेखी ऋतू म्हणजे शंकू.

मला झाडे ओळखता येत नाहीत. चालेल का?

चालेल, पण मग पक्षीही कमी दिसतील. माझी पहिली दोन वर्षे अशीच गेली. दुर्बीण गळ्यात अडकवून सरसकट सगळ्या हिरव्या शेंड्यांकडे बघत फिरायचो. मग एका म्हाताऱ्या बाईंनी मला टॅमरॅकचे झाड दाखवले. मी त्याला मेलेले झाड समजत होतो. ते मेलेले नव्हते, शरदात सुया गाळून बसले होते. त्याच्या बोराएवढ्या शंकूंवर सहा व्हाइट-विंग्ड क्रॉसबिल उलटे लटकून खात होते आणि मी त्यांच्याखालून दोनदा गेलो होतो.

इतके लक्षात ठेवा. दलदलीतली बारीक, वेडीवाकडी, शेंड्याला फांद्यांचा गोळा झालेली झाडे म्हणजे काळा स्प्रूस. तिथे कॅनडा जे, बोरियल चिकाडी आणि स्प्रूस ग्राउझ. शेजारची निष्पर्ण सूचिपर्णी झाडे म्हणजे टॅमरॅक. चपट्या मऊ सुया आणि अंगठ्याच्या पेराएवढे शंकू असलेले हेमलॉक; तिथे पाइन सिस्किन आणि व्हाइट-विंग्ड क्रॉसबिल. उंच पाइनवर रेड क्रॉसबिल. बर्च आणि आल्डरच्या काटक्यांवर रेडपोल. गळ्यातल्या थैलीत बी भरून घ्यायचे आणि आडोशाला जाऊन निवांत खायचे ही त्यांची पद्धत. माउंटन-ॲशची लाल फळे टिकली असतील तर पाइन ग्रोसबीक. मोकळ्या मॅपलच्या जंगलात मात्र हिवाळ्यात मैलभर चालूनही फार काही हाती लागत नाही, तिथे वेळ घालवू नका.

बर्फावर बघायलाही शिका. झाडाखाली ताजे खवले विखुरलेले असतील तर वर कोणीतरी जेवत आहे.

कॅनडा जे खरेच हातावर येऊन बसतो?

बसतो. विचारतही नाही. राखाडी, गुबगुबीत, मैनेहून मोठा, डोळे काळेभोर. आवाज न करता फांदीवरून तरंगत येतो आणि तुमच्या टोपीवर उतरतो. कावळ्याच्या कुळातला आहे, आपल्या टकाचोराचा लांबचा भाऊबंद, त्यामुळे नजर तशीच हिशेबी. मराठीत त्याला नाव नाही, आणि असते तर ते ‘टकाचोर’पेक्षा सभ्य असते असे वाटत नाही. इंग्रजीत बराच काळ त्याला ग्रे जे म्हणत. अमेरिकन पक्षीशास्त्र संघटनेने २०१८ मध्ये कॅनडा जे हे जुने नाव परत आणले. ‘व्हिस्की जॅक’ हे टोपणनाव मद्यावरून आलेले नाही, क्री लोकांच्या कथांमधल्या विसाकेजाक या खोडकर पात्रावरून आले आहे.

त्याचे खरे कौतुक साठवणीचे. उन्हाळ्यापासून तो किडे, बेऱ्या, भूछत्रे, मेलेल्या प्राण्यांचे मांस असे मिळेल ते चिकट लाळेत घोळतो आणि सालीच्या फटीत, शेवाळाखाली एकेक घास चिकटवून ठेवतो. असे हजारो घास. हिवाळाभर ते आठवून आठवून खातो. एवढेच नाही, तर त्याच साठ्याच्या जोरावर मार्चमध्ये, जंगल बर्फाखाली असताना अंडी घालतो. उणे ३० च्या रात्रीही मादी घरट्यावर बसून राहते. जूनमध्ये पिल्लांतले दांडगे भावंड बाकीच्यांना हुसकावून लावते आणि एकटे आईबापांबरोबर राहते. भाऊबंदकी म्हणजे काय ते इथे बघावे.

अल्गॉन्क्विनमधल्या या पक्ष्यांचा अभ्यास १९६० च्या दशकात रस रटर यांनी सुरू केला आणि डॅन स्ट्रिकलँड यांनी तो पुढे अनेक दशके चालवला. त्यातून निघालेली गोष्ट चिंतेची आहे. अभ्यास होणाऱ्या भागातली त्यांची संख्या निम्म्याहून खाली आली आहे. वेट आणि स्ट्रिकलँड यांनी २००६ मध्ये मांडलेले कारण असे: शरद ऋतू उबदार झाला की झाडावरचा साठा नासतो, मग वसंतात पिल्ले कमी निघतात. आणि इथेही झाडच मध्ये येते. स्प्रूसबहुल जागेतल्या जोड्या टिकून आहेत, मॅपल-बहुल जागा रिकाम्या होत गेल्या. सूचिपर्णी झाडांच्या सालीतली राळ अन्न टिकवायला मदत करत असावी. शीतकपाट आणि उघडी फळी यांतला फरक समजा.

मग त्याला खायला द्यावे का?

मी देत नाही. हातावर पक्षी बसल्याचा फोटो मोह घालतो हे मान्य, पण दहा मिनिटे स्वस्थ उभे राहिलात तर तो तसाही बघायला येतो. द्यायचेच असेल तर बिनमिठाचे दाणे, चार-दोन. पाव, चिप्स, तळलेले काही नको. कोल्हा आणि मार्टेन यांना कधीच काही देऊ नका, रस्त्यावर भीक मागायला शिकलेला कोल्हा गाडीखाली जातो.

स्प्रूस ग्राउझ शोधूनही सापडत नाही. काय चुकते?

बहुधा तुम्ही हलणारे काहीतरी शोधताय. हा कोंबडीएवढा पक्षी तासन्‌तास एका फांदीवर बसून सुया खातो, हिवाळ्यात तेच त्याचे जेवण. तेवढ्यासाठी त्याची पेषणी आणि आतड्याच्या पिशव्या हिवाळ्यात मोठ्या होतात. माणसाला तो घाबरत नाही, म्हणून जुने लोक त्याला मूर्ख कोंबडी म्हणत. मूर्ख कोण ते बघा, आपण तीन वेळा खालून जातो आणि तो वरून बघत असतो. खोडाजवळच्या दाट भागात, डोक्याच्या दुप्पट उंचीपर्यंत नजर फिरवा.

आणि ब्लॅक-बॅक्ड वुडपेकर?

डोळ्यांआधी कान. तो जोरात ठोकत नाही, टक-टक करत साल सोलतो. सालीखालच्या भुंग्यांच्या अळ्या त्याला हव्या असतात. मेलेल्या किंवा मरू घातलेल्या स्प्रूसवर ताजी, तांबूस, उघडी पडलेली जागा आणि खाली बर्फावर सालीच्या चिपा दिसल्या की थांबा. पाठ संपूर्ण काळी, नराच्या माथ्यावर पिवळा ठिपका, पायाला चारऐवजी तीनच बोटे. जळालेल्या जंगलात त्याची पाठ खोडाशी अशी मिसळते की तो नाहीच असे वाटते.

बोरियल चिकाडी नेहमीच्या चिकाडीतून वेगळी कशी काढायची?

नेहमीच्या ब्लॅक-कॅप्ड चिकाडीची टोपी काळी, हिची तपकिरी, कुशीही तपकिरी. आवाज सर्दी झाल्यासारखा, नाकातला आणि रेंगाळणारा. आवाज आधी फोनवर ऐकून जा, जंगलात वाजवू नका. थंडीत अन्न शोधायचे सोडून पक्षी खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे लागला तर त्या दिवसाचे त्याचे गणित कोलमडते.

एवढ्याशा पक्ष्याला उणे ३० मध्ये मरण कसे येत नाही?

येतेही. पण चिकाडीचा बंदोबस्त चांगला असतो. साधारण ११ ग्रॅमचा हा जीव दिवसभर खाऊन चरबी साठवतो आणि रात्री ती जाळून संपवतो. रात्री शरीराचे तापमान दहा-बारा अंशांनी खाली उतरवतो, म्हणजे तेवढे इंधन वाचते. आतून थरथरत राहून ऊब तयार करतो आणि पिसे फुलवून ती कोंडतो. शरदात हजारो जागी लपवलेले बी सापडावे म्हणून मेंदूतला आठवणीचा भागही त्या काळात वाढतो. गोल्डन-क्राउन्ड किंगलेट तर सहा ग्रॅमचा. रात्री दोन-तीन जण एकमेकांना चिकटून एक गोळा होऊन बसतात. रफ्ड ग्राउझ सरळ मऊ बर्फात सूर मारतो आणि आतच झोपतो. पायाखालून अचानक बर्फ फुटून कोणी उडाले तर हाच. छातीत धस्स होते, पण तुमच्यापेक्षा त्याच्या जास्त.

घुबडे दिसतील का?

आशा ठेवू नका. बार्ड घुबड आणि छोटे सॉ-व्हेट तिथे आहेत, पण दिवसा दिसणे नशिबाचा भाग. दिसले तर लांबून बघा, उंदराचे आमिष दाखवून फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत उभे राहू नका आणि नेमकी जागा लगेच जाहीर करू नका.

कपडे कोणते घालावेत?

चालणाऱ्याचे नाही, थांबणाऱ्याचे. पक्षीनिरीक्षणात माणूस अर्धा वेळ पुतळ्यासारखा उभा असतो. अंगाला लागून लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर (सुती नको, घामाने ओला राहतो), वर उबदार थर, सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, दोन मोजे घालून बोटे आवळली तर पाय आधी गारठतात. हातात पातळ हातमोजे आणि त्यावर बोटे एकत्र राहणारे जाड मोजे. मळलेल्या वाटेवर बुटांना लावायचे खिळे पुरतात, ताज्या बर्फात स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट) लागतात. लाकडी पायवाटेची कड बर्फाखाली दिसत नाही. मी एकदा पाय बाहेर टाकला आणि मांडीपर्यंत आत गेलो, समोरच्या फांदीवर जे बसला होता.

दुर्बीण आणि कॅमेरा थंडीत चालतात का?

दुर्बीण चालते, ८ × ४२ (आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) सर्वांत सोयीची. तिच्या भिंगावर श्वास सोडू नका, वाफ लगेच गोठते. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. बर्फामुळे फोटो काळसर येतात, म्हणून एक्सपोजर थोडे वाढवा. परतताना कॅमेरा बाहेरच पिशवीत बंद करा आणि घरात दोन-तीन तास पिशवी उघडू नका, नाहीतर आत दव धरते.

गाडी चालवताना काय सांभाळायचे?

हिवाळी टायर हवेतच. उद्यानाच्या आत पेट्रोल मिळेल या भरवशावर जाऊ नका, हंट्सव्हिल किंवा व्हिटनीला टाकी भरून घ्या. वाटेत फोनला बऱ्याच ठिकाणी सिग्नल नसतो, म्हणून गाडीत पांघरूण, फावडे, टॉर्च आणि खाणे असू द्या.

आणि एक कळकळीची विनंती. फिंच रस्त्यावर टाकलेले मीठ आणि वाळूचे खडे टिपायला थव्याने उतरतात आणि गाडी जवळ आली तरी लवकर उडत नाहीत. चांगल्या शंकूंच्या वर्षी हायवे ६० वर चिरडलेले क्रॉसबिल आणि सिस्किन दिसतात. पुढे रस्त्यावर ठिपके दिसले की वेग कमी करा. पण मध्येच थांबू नका, मागून लाकडाचा ट्रक येत असतो. थांबायचे तर पूर्ण कडेला, सुरक्षित जागा बघूनच.

परवाना लागतो का?

थांबणार असाल तर लागतो. गाडीमागे दिवसाचा परवाना घ्यायचा आणि काचेत दिसेल असा ठेवायचा. नुसते हायवेने आरपार जाणाऱ्याला नाही. मुक्काम करायचा असेल तर म्यू लेकचा मुक्कामाचा तळ हिवाळ्यातही उघडा असतो, तिथले यर्ट (गोल, पक्के तंबू) मात्र फार आधी भरतात. व्हिजिटर सेंटरच्या हिवाळी वेळा निघण्याआधी पाहून घ्या.

लहान मुलांना नेऊ का?

न्या. व्हिजिटर सेंटरच्या सज्ज्यापासून सुरुवात करा, मग स्प्रूस बॉग. चिकाडीपेक्षा बर्फावरच्या पाऊलखुणांत मुले जास्त रमतात: स्नोशू सशाची, कोल्ह्याची, पाणमांजराची घसरगुंडी. थंडी वाजते म्हणाली की ‘अजून पाचच मिनिटे’ म्हणू नका, लगेच फिरा.

पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद कुठे उपयोगी पडते?

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, जागा आणि वेळेसह. डिसेंबरात ख्रिसमस पक्षीगणना असते, अल्गॉन्क्विनची गणना १९७४ पासून होत आली आहे आणि २४ किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात लोक दिवसभर चालतात.

कॅनडा जे दिसला तर त्याचे पाय बघायला विसरू नका. अभ्यासातल्या पक्ष्यांच्या पायांत धातूच्या एका कड्याबरोबर रंगीत कडी असतात आणि प्रत्येकाचा जुळणीचा क्रम वेगळा. डावा पाय, उजवा पाय, वरचे कडे, खालचे कडे असे लिहून घ्या. डावा म्हणजे पक्ष्याचा डावा, तुमचा नाही. तोंडपाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. लाल-पांढरा की पांढरा-लाल यावरून माझे आणि सोबत्याचे गाडीपर्यंत भांडण चालले होते. नशिबाने तोच पक्षी गाडीच्या आरशावर येऊन बसला.